सार्वजनिक भिंतीवर राष्ट्रीय पक्षी: मोराचे भित्तिचित्र कसे करावे

प्रजासत्ताक दिन किंवा स्वातंत्र्य दिन जवळ आला की शाळेची कुंपणभिंत, ग्रामपंचायतीचे आवार, बसस्थानकासमोरची लांबलचक भिंत असे काहीतरी रंगवावे, असा विचार गावोगावी पुढे येतो आणि विषय म्हणून मोराचे नाव हमखास सुचविले जाते. निवड उत्तम आहे. परंतु प्रत्यक्षात पुष्कळदा होते असे की, चित्र देशभक्तिपर वाटावे म्हणून पिसाऱ्याला केशरी, पांढरे आणि हिरवे पट्टे दिले जातात, मध्यभागी अशोकचक्र बसविले जाते, आणि या सगळ्यात मोर मात्र ओळखू न येण्याइतका बिघडतो. ज्या पक्ष्याला राष्ट्राने आपले चिन्ह मानले, तो पक्षी जसा आहे तसा, त्याच्या मातीसह आणि योग्य जागी रेखाटला, तर देशाविषयीची भावना वेगळी चिकटवावी लागत नाही, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व सूचना याच मतावर उभ्या आहेत.

मोराला १९६३ साली भारताचा राष्ट्रीय पक्षी म्हणून मान्यता मिळाली. ही निवड एकमताने झाली नव्हती. ज्येष्ठ पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांनी माळढोकाचा आग्रह धरला होता, कारण त्या दुर्मीळ पक्ष्याकडे देशाचे लक्ष वळावे अशी त्यांची इच्छा होती. तरीही मोर निवडला गेला, कारण तो देशाच्या बहुतेक भागांत आढळतो, सामान्य माणूस त्याला लांबून ओळखतो आणि आपल्या धर्मपरंपरांत, लोककथांत व कलेत तो खोलवर रुजलेला आहे. चित्रकाराने ही कारणे लक्षात ठेवावीत, कारण सार्वजनिक चित्राची कसोटी त्यांतच दडलेली आहे: रस्त्याने जाणाऱ्या माणसाला तो क्षणात ओळखता आला पाहिजे आणि तो आपल्याच देशातील मोर असला पाहिजे.

हा दुसरा मुद्दा किरकोळ समजू नये. मोबाइलवर शोधून मिळणाऱ्या चित्रांत कित्येकदा हिरवा मोर असतो. त्याची मान निळी नसून खवल्यांसारख्या हिरव्या पिसांची असते, तुरा अरुंद आणि उंच असतो व चेहऱ्यावर पिवळसर त्वचा दिसते. हा पक्षी प्रामुख्याने आग्नेय आशियातील असून म्यानमारचे ते जुने प्रतीक आहे. भारताचा राष्ट्रीय पक्षी म्हणून तो भिंतीवर चढला, तर चित्र कितीही देखणे असले तरी मूळ हेतूच चुकतो. संदर्भासाठी घेतलेल्या छायाचित्रात मान गडद निळी आणि तुरा पंख्याच्या आकाराचा आहे ना, हे आधी पाहावे. पांढऱ्या मोराची छायाचित्रेही बाजूला ठेवावीत. तो भारतीय मोरच असतो, पण पाळीव अवस्थेत टिकवलेला रंगभेद असतो.

परवानगी आणि कायद्याच्या मर्यादा

भिंत कोणाची आहे, हे ठरविल्याशिवाय ब्रश हाती घेऊ नये. महाराष्ट्रात मालमत्ता विरूपणास प्रतिबंध करणारा १९९५ चा अधिनियम लागू आहे आणि हेतू चांगला असला तरी लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक भिंत रंगविणे अडचणीचे ठरू शकते. महानगरपालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत, शाळेची व्यवस्थापन समिती किंवा खासगी मालक यांपैकी ज्याचा अधिकार असेल त्याच्याकडे संकल्पचित्रासह अर्ज करावा आणि चित्राची देखभाल पुढे कोण करणार, हेही त्यात लिहावे. किल्ला, जुने मंदिर, वेस अशा वारसा वास्तूंच्या भिंती या कामासाठी मुळीच निवडू नयेत. दगडावर बसलेला रंग नंतर काढताना दगडच दुखावतो.

राष्ट्रीय चिन्हे एकत्र आणण्याचा मोह आवरावा लागतो. राष्ट्रध्वज काढायचाच असेल तर त्याचे प्रमाण ३:२, चक्राचे आरे २४ आणि केशरी पट्टा वर, हे काटेकोरपणे पाळावे आणि त्यावर मोर, अक्षरे किंवा प्रायोजकाचे नाव येऊ देऊ नये. भारतीय ध्वजसंहिता, २००२ आणि राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ यांचा येथे थेट संबंध येतो. चार सिंहांचे राजमुद्रेचे चिन्ह तर २००५ च्या कायद्यान्वये मंडळांना किंवा खासगी संस्थांना परवानगीशिवाय वापरताच येत नाही. पिसाऱ्याच्या आकारात देशाचा नकाशा बसविण्याची कल्पना वारंवार सुचविली जाते; ती शक्यतो टाळावी, कारण हाताने काढलेल्या नकाशात सीमा चुकतात आणि अंदमान-निकोबार व लक्षद्वीप हमखास गळतात. नकाशा हवाच असेल, तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून मोजूनच काढावा.

खरी मोरपिसे भिंतीवर चिकटविण्याचा प्रकारही काही ठिकाणी पाहायला मिळतो. मोर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. नैसर्गिकरीत्या गळलेल्या पिसांबाबत कायद्यात सवलत असली, तरी पीस गळलेले आहे की उपटलेले, हे पाहणाऱ्याला कळत नाही. आणि ज्या चित्राने या पक्ष्याविषयी आदर निर्माण करायचा, त्यानेच पिसांची मागणी वाढवावी हे मला पटत नाही.

भिंतीची तयारी

नव्या गिलाव्याला चार आठवडे पाणी मारून आणि वाळवून मुरू द्यावे. जुन्या भिंतीचे पोपडे पत्र्याने खरवडून काढावेत, शेवाळ तारेच्या ब्रशने घासून धुवावे, आणि भिंतीला लोणा लागला असेल, म्हणजे पांढरी खारट पूड बाहेर येत असेल, तर ओल कुठून येते हे शोधून ती बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नये. ओल्या भिंतीवरचे चित्र पहिल्याच पावसाळ्यात फुगते. भेगा भरून घ्याव्यात, बाहेरच्या कामासाठीची व्हाइट सिमेंटची पुट्टी ओढावी, पॉलिश पेपर मारावा, मग एक हात प्रायमर आणि दोन हात फिकट रंगाचा बाहेरचा ॲक्रिलिक इमल्शन द्यावा. दोन हातांसाठी एका लिटरमध्ये साधारण ५० ते ६० चौरस फूट भिंत होते, या हिशोबाने खरेदी करावी.

जमिनीपासूनचे अडीच ते तीन फूट चित्रासाठी वापरू नयेत. पावसाचे उडालेले शिंतोडे, टेकवलेल्या दुचाकी, चिकटवलेल्या जाहिराती आणि दुर्दैवाने पिचकाऱ्या या सगळ्यांचा मार त्याच पट्ट्याला बसतो. लोकांनी थुंकू नये म्हणून भिंतीवर मोर काढा, अशी सूचना कोणी केली तर ती स्पष्टपणे नाकारावी. राष्ट्रीय पक्ष्याला पहारेकरी म्हणून उभे करणे हा त्याचा मान नव्हे. खालचा पट्टा गडद करड्या किंवा तपकिरी एकाच रंगात रंगवावा, म्हणजे तो दरवर्षी सहज पुन्हा रंगविता येतो आणि मोराचे पाय त्याच्या वर सुरक्षित राहतात.

मोर नीट पाहणे

या भागावर जितका वेळ दिला जाईल तितके चित्र सरस होईल, म्हणून येथे घाई करू नये. शक्य असेल तर मोर प्रत्यक्ष पाहावा. पुणे जिल्ह्यातील मोराची चिंचोली किंवा बीड जिल्ह्यातील नायगावचे मयूर अभयारण्य ही महाराष्ट्रातील परिचित ठिकाणे आहेत. पूर्ण पिसारा पाहायचा असेल तर पावसाळ्याच्या तोंडाशी जावे, कारण विणीचा हंगाम संपल्यावर नर पिसाऱ्याची लांब पिसे गाळतो आणि पावसाळ्यानंतर काही काळ पिसाऱ्याविना दिसतो.

पहिली गोष्ट अशी की, ज्याला आपण पिसारा म्हणतो ती मोराची शेपटी नाही. शेपटीची खरी पिसे आखूड, तपकिरी आणि ताठ असतात व पिसाऱ्याच्या मागे आधारासारखी उभी राहतात. लांब, डोळे असलेली पिसे त्यांच्या वरच्या बाजूने, पाठीच्या शेवटच्या भागातून निघतात. म्हणून फुललेला पिसारा शरीराच्या टोकाला चिकटवलेल्या पंख्यासारखा काढला की मोर चुकतो. पिसाऱ्याचा उगम पाठीवर दाखवावा आणि समोरून पाहताना निळी छाती त्याच्यापुढे आलेली दिसू द्यावी. नर मोर पिसाऱ्यासह साधारण दोन मीटर किंवा थोडा अधिक लांब भरतो आणि त्यातील निम्म्याहून जास्त लांबी पिसाऱ्याची असते. चित्रात डोके व धड मोठे करण्याची सवय असल्याने हे प्रमाण बिघडते.

पिसाऱ्यातील सगळ्या पिसांना डोळे नसतात. सर्वांत लांब पिसांची टोके डोळ्याऐवजी माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली असतात आणि फुललेल्या पिसाऱ्याच्या कडेला तीच झालर तयार करतात. दोन्ही बाजूंची खालची पिसे कोयत्यासारखी वळलेली, हिरवी आणि डोळ्याविना असतात. कडेची ही झालर काढली की पिसारा एकदम जिवंत वाटू लागतो, आणि ती सोडली की तो छापील वाटतो.

डोळ्याची रचना जवळून पाहावी. मध्यभागी काळपट जांभळा, हृदयासारखी खाच असलेला ठिपका असतो, त्याभोवती निळा-फिरोजी, त्याच्याबाहेर तांबूस-तपकिरी रुंद वलय आणि त्यापलीकडे सोनेरी हिरव्या छटांच्या बारीक कडा येतात. ही वलये कंपासाने काढलेल्या गोलांसारखी नसतात. ती थोडी लांबट असतात आणि त्यांच्या कडेला पिसाचे सुटे धागे दिसतात.

चेहऱ्यावर डोळ्याच्या वर एक पांढरी रेघ आणि खाली चंद्रकोरीसारखा पांढरा भाग असतो. डोक्यावरचा तुरा म्हणजे उघड्या काड्या आणि त्यांच्या टोकांना निळसर-हिरवे गोंडे. काड्या मोकळ्या सोडाव्यात, तुरा भरीव त्रिकोण करू नये. पाठीवर खवल्यांसारखी हिरवट-तांब्याच्या रंगाची पिसे असतात, बाजूच्या पंखांवर पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्या आडव्या रेघा असतात आणि पंखांची मोठी पिसे विटकरी तांबडी असतात. मोर नाचतो तेव्हा हे पंख खाली सोडून थरथरवतो, त्यामुळे समोरून पाहताना पिसाऱ्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना विटकरी रंग डोकावतो. निळ्या-हिरव्याच्या एवढ्या विस्तारात हा एक ऊबदार रंग चित्राला फार उपयोगी पडतो, आणि तरीही तो बहुधा विसरला जातो. पाय करडे व दणकट असतात आणि नराच्या पायाला मागे आरी असते. पाय गवतात लपविण्यापेक्षा नीट काढावेत.

लांडोरीला चित्रात जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे. राष्ट्रीय पक्षी हा मान एकट्या नराला मिळालेला नाही, तो संपूर्ण जातीला आहे. तपकिरी अंग, मानेवर हिरवी झाक, तुरा आणि पांढरट पोट असलेली लांडोर पिल्लांसह दाखविली, तर भिंतीवरचा मोर शोभेच्या वस्तूतून बाहेर पडून कुटुंबकबिल्यासह आपल्या शिवारात येतो.

मांडणी आणि आखणी

देशाचा संदर्भ पार्श्वभूमीतून यावा. ज्वारीचे किंवा भाताचे शेत, बाभळीचे झाड, पावसाचे ढग, पहाटेचे केशरी आकाश यांतून रंगांची तिरंगी आठवण सहज उमटते. मात्र केशरी, पांढरा आणि हिरवा असे सारख्या रुंदीचे आडवे पट्टे करू नयेत, नाहीतर चक्राच्या जागी मोर असलेला ध्वज काढल्यासारखे दिसते. आकाशाचा केशरी रंग खाली येताना हळूहळू विरत जावा आणि शेताची रेघ वेडीवाकडी असावी.

परंपरेतून घेण्यासारखेही खूप आहे. पाचव्या शतकातील गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त याच्या एका प्रकारच्या सुवर्णनाण्यांवर मोर आहे, सांचीच्या तोरणांवर मोर कोरलेले आहेत, आणि आपल्या पैठणीच्या पदरावरचा बांगडी मोर तर घराघरात माहीत आहे. चित्राच्या चौकटीसाठी पैठणीचे काठ किंवा वेली वापराव्यात. वारली शैलीत काम करायचे असेल तर पालघर-डहाणू भागातील वारली कलाकारांना मानधन देऊन बोलवावे. त्यांची शैली नुसती उचलून घेणे योग्य नाही.

आखणीसाठी चौकोनांची पद्धत सर्वांत खात्रीची आहे. समजा भिंत २० फूट लांब आणि १० फूट उंच असेल, तर एक इंच म्हणजे एक फूट या प्रमाणात कागदावर २० बाय १० इंचांचे संकल्पचित्र करावे व त्यावर इंचाइंचाचे चौकोन आखावेत. भिंतीवर गेरूत बुडवलेली सुतळी दोघांनी ताणून धरून झटका द्यावा. सरळ रेघ उमटते आणि नंतर ओल्या फडक्याने पुसता येते. पिसाऱ्यासाठी उगमाच्या जागी खिळा मारून दोरी बांधावी, तिच्या टोकाला खडू धरून एकात एक अर्धवर्तुळे काढावीत आणि त्याच बिंदूतून बाहेर जाणाऱ्या किरणरेषा ओढाव्यात. डोळे या रेषांच्या छेदांवर, पण एकाआड एक ओळीत सरकवून बसवावेत, म्हणजे ते तिरप्या वळणांच्या रांगांत दिसतात. शरीराजवळ ते लहान आणि दाट, कडेकडे मोठे आणि विरळ ठेवावेत. आखणी झाल्यावर रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहावे. तेथून तुरा, पांढरा चेहरा आणि पिसाऱ्याची कड ओळखू येत नसेल, तर रंग लावण्याआधीच ते मोठे करावेत.

रंग, चमक आणि काच

मोराचा निळा-हिरवा रंग पिसातील रंगद्रव्याचा नसतो. पिसात मूळ द्रव्य तपकिरी-काळे असते आणि त्याच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना तो निळा, हिरवा किंवा तांबूस होतो. म्हणूनच मोर हलला की रंग पालटतो. डब्यातील रंगाला हे जमत नाही. त्यावर उपाय म्हणजे गडद रंगाने सुरुवात करणे: मानेला आधी काळपट निळा हात द्यावा, तो सुकल्यावर मध्यम निळा तुटक फटकाऱ्यांनी, आणि शेवटी प्रकाशाच्या बाजूला फिरोजी रंगाच्या बारीक रेघा माराव्यात. खालचा गडद रंग मधूनमधून दिसत राहिला की डोळ्याला झळाळीचा भास होतो. पिसारा याच क्रमाने, आधी काळपट हिरवा, मग मोरपंखी, मग पिवळसर हिरवे धागे, असा करावा.

सुदैवाने निळे व हिरवे चांगल्या प्रतीचे रंग उन्हात बराच काळ टिकतात. स्वस्त लाल, पिवळे आणि विशेषतः झगमगते फ्लुरोसंट रंग लवकर विटतात. सोनेरी पावडरचा रंग बाहेरच्या भिंतीवर वापरू नये, कारण त्यातील धातू हवेत काळवंडतो; त्याऐवजी गेरू, पिवळी माती आणि थोडा पांढरा यांच्या छटांनी तांब्याचा आभास आणावा.

खरी झळाळी हवी असेल तर काचेकडे वळावे. उदयपूरच्या राजवाड्यातील मोर चौकात भिंतीतून उठून आलेले काचेच्या तुकड्यांचे मोर आहेत, आणि ऊन सरकते तसे त्यांचे रंग बदलतात. एवढे मोठे काम गावपातळीवर शक्य नसले, तरी पिसाऱ्यातील मोजक्या डोळ्यांच्या मध्यभागी रंगीत काच किंवा चकचकीत टाइलचे तुकडे टाइल चिकटविण्याच्या मसाल्यात बसविणे सहज जमते. तुकड्यांच्या धारा घासून बोथट कराव्यात आणि ते लहान मुलांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवरच लावावेत. वर्दळीच्या वळणावर, वाहनचालकाच्या डोळ्यांवर तिरीप येईल अशा ठिकाणी काच लावू नये.

वेळापत्रक, अक्षरे आणि देखभाल

२६ जानेवारीसाठी हवामान अनुकूल असते. भिंतीची तयारी नोव्हेंबरमध्ये आणि रंगकाम डिसेंबरमध्ये करावे. १५ ऑगस्टचे मात्र तसे नाही. ऐन पावसात रंगवलेली भिंत टिकत नाही, म्हणून त्या दिवसासाठीचे चित्र मे महिन्यातच पूर्ण करावे. मुले सहभागी होणार असतील तर त्यांना शिडीवर चढवू नये. खालच्या भागातील गवत, शेत आणि काठ त्यांच्याकडे द्यावेत व पिसाऱ्याचे काही डोळे आधी फळीवर गिरवून घेऊन मगच भिंतीवर करू द्यावेत.

भिंतीवर मजकूर थोडाच असावा. ‘भारताचा राष्ट्रीय पक्षी – मोर’ एवढे ठळक अक्षरांत आणि हवे असल्यास खाली पावो क्रिस्टॅटस हे शास्त्रीय नाव, इतके पुरे. ‘राष्ट्रीय’ हा शब्द भिंतीवर चुकीचा लिहिलेला अनेकदा दिसतो, म्हणून अक्षरे रंगवण्यापूर्वी दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावीत. कलाकारांची नावे कोपऱ्यात जरूर द्यावीत. देणगीदारांची नावे चित्राबाहेर स्वतंत्र पाटीवर असावीत.

रंग वाळल्यावर बाहेरच्या वापराचा पारदर्शक ॲक्रिलिक लेप द्यावा. वापरलेल्या प्रत्येक रंगाचा थोडा साठा झाकणाच्या डबीत ठेवावा, तिच्यावर शेड क्रमांक लिहावा आणि संकल्पचित्रासह शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात तो जपून ठेवावा, कारण दुसऱ्या वर्षी डागडुजी करणारा माणूस बहुधा वेगळा असतो. दर पावसाळ्यानंतर भिंत साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावी, उडालेले रंग भरून घ्यावेत, निघालेली काच पुन्हा बसवावी. दुरुस्तीपलीकडे गेलेले चित्र पोपडे सुटलेल्या, अर्ध्या मोराच्या अवस्थेत लटकत ठेवू नये. ते पूर्ण खरवडून भिंत एकाच रंगात झाकावी आणि नवे काम होईपर्यंत ती तशीच स्वच्छ ठेवावी.